सुचलं होतं, पण साहेबांना सांगितलंत का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातला जॉबर (मागांची देखभाल करणारा) परवा म्हणाला, "सुचतंय लई, पर बोलायच्या आधी मालकाचं तोंड बघावं लागतंय." तेव्हापासून ते मनात घोळतंय. वरिष्ठांच्या वागण्यामुळे तुम्ही काही नवं करून पाहिलंत, की गप्प बसलात? लिहा. नावं मात्र नकोत.

चादर डिझायनर : पूर्वी जकार्डवर (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर) नक्षी बदलायची म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांची अख्खी माळ नव्याने पंच करायची. चूक महाग पडायची, म्हणून आमचे थोरले मालक मोर आणि ठरलेली फुलं सोडून काही लावू देत नसत. (त्यांना दोष देत नाही.) इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, तरी सवय तीच राहिली. मग धाकटे मालक कामात आले. म्हणाले, "सोमवारी एक माग तुमचा. सूत वाया गेलं तर माझ्या खाती." वर्षभरात पाच नव्या नक्ष्या बाजारात गेल्या. फसलेल्या कितीतरी जास्त. त्या त्यांनी एकदाही उकरून काढल्या नाहीत.

युनिफॉर्म कारखान्यातला कटिंग मास्तर : पॅटर्न फिरवून मांडले तर दर थानामागे कापड वाचतं, हे मी सुपरवायझरला दाखवलं. त्यांनी ते मालकापुढे स्वतःचं म्हणून सांगितलं. पुढची तीन वर्षं मी तोंड उघडलं नाही. राग अजून आहे.

नर्स : आमच्या इन्चार्ज सिस्टर स्वतःची चूक आधी सांगायच्या. म्हणून सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवूया, हे मी नवखी असूनही बोलू शकले.

पुण्यातला सोलापूरकर, वाहन कंपनी : टोयोटात १९५१ पासून कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत आहे. तिच्यावरून आमच्याकडेही पेटी लागली, पण तिच्यात चिठ्ठ्या पडू लागल्या त्या नवे मॅनेजर आल्यावर. ते प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचे. नकार असला, तर मशीनपाशी येऊन कारण सांगायचे.

मागवाला : सगळं खरं. पण आमची मजुरी नगावर. माग थांबवून काही करून बघायचं, तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? मालक कितीका प्रेमाने बोलेना! आमच्याकडे आता चाचणीच्या दिवसाला सरासरी मजुरी धरतात. मागच्या महिन्यात मी किनारीच्या धाग्यांचा ताण कमी करून पाहिला. टॉवेलची कड आता आवळत नाही. शेजारच्या मागावरही तसंच लावलंय.