कौलं ठेवायची की सरळ पत्रा टाकायचा?

राजापूरजवळ गावाला आमचं मंगलोरी कौलांचं घर आहे, दरवर्षी पावसाआधी शाकारतो पण आता माणूस मिळत नाही, वानरं उड्या मारून कौलं फोडतात, त्यात दोन वाशांना वाळवी लागलीय, बोट दाबलं की भुगा पडतो. भाऊ म्हणतो पत्रा टाकू, आई म्हणते उन्हाळ्यात भाजून निघू. काय करावं?

सुतारपक्षी: कौलांचं नंतर बघा, आधी आढं आणि भाल, म्हणजे छपराचा भार पेलणारी मोठी लाकडं, सुताराकडून ठोकून तपासून घ्या. एका चौरस मीटरला 15च्या आसपास कौलं बसतात, एक कौल दोन किलोच्या वर, म्हणजे तीस-पस्तीस किलो वजन, पत्र्याचं पाचेक किलोच. दोनच वासे गेले असतील तर तेवढेच बदला, घर मोडू नका प्लीज.

श्रीवर्धनकर: पत्रा टाकलात तर बांधणीत कंजुषी करू नका. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात आमच्याकडे कौलं गेली तशी पत्रेही उडाले. रबरी वॉशरचे स्क्रू घ्या आणि कडेला जवळजवळ मारा, वारा तिथूनच आत शिरतो.

गावकरी_७८: आम्ही लोखंडी पाइपांवर पत्रा टाकला, त्यावर पट्ट्या मारून जुनीच कौलं बसवली. वानराने कौल फोडलं तरी गळत नाही आणि मधे हवा खेळते त्यामुळे घर तापत नाही. खर्च जास्त येतो पण आईंचं ऐका, एप्रिलमध्ये नुसत्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

प्रश्नकर्ता: धन्यवाद सगळ्यांना, आधी सुतार बोलावतो. जुनी कौलं काढताना फुटतात किती?