‘होस्ट कम्युनिटी’ला मराठीत काय म्हणायचं? ‘यजमान’ म्हटलं तर पोरी हसतात

दुभाषी
मंडळी, आठ दिवसांपासून एका शब्दापाशी गाडी अडली आहे. एक पुस्तिका मराठीत करते आहे. लढाई, पूर, भूकंप यांमुळे हजारो माणसं घरदार सोडून एका जागी येऊन पडली, की त्यांच्या आरोग्याची पहिली घडी कशी बसवायची, असा विषय. वाचणार आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या स्वयंसेवक मुली, बारावी-बीए झालेल्या. उदाहरणं बहुतेक बांगलादेशातल्या कॉक्स बाजारची, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांमधली.

बाकीचं निभलं. माणशी रोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, हे सरळ मराठीत बसतं. दंडघेराची पट्टी तर अंगणवाडीमुळे सगळ्यांच्या ओळखीची, ११५ मिलिमीटरच्या आत आली की लाल, म्हणजे मूल अतिकुपोषित. घोडं पेंड खातं ते ‘होस्ट कम्युनिटी’ला. म्हणजे छावणीच्या आसपास आधीपासून राहणारे लोक. मी ‘यजमान समाज’ असं केलं. परवा हिंगण्याला चार मुलींना मसुदा वाचून दाखवला. वाक्य होतं, ‘यजमानांच्या विहिरीही तपासाव्यात.’ एक पोरगी ओढणी तोंडाशी धरून हसायलाच लागली. म्हणे, मॅडम, आमची मामी मामाजींना यजमान म्हणते. दुसरी म्हणाली, सत्यनारायणाला पाटावर बसतो तो ना?

‘स्थानिक’ टाकता येत नाही. स्थानिक प्रशासन, स्थानिक कर्मचारी, स्थानिक भाषा यांची आधीच गर्दी आहे. सुचवा काहीतरी.

जुनाकोश
मुलींचं बरोबर आहे. यजमान हा यज् धातूवरचा, यज्ञ करवून घेणारा, दक्षिणा देणारा. पाहुण्यांचा यजमान मागाहून आला. विषाणूवरच्या लेखांत हल्ली ‘यजमान पेशी’ही वाचतो. त्या चालीनं गेलात तर छावणीतली माणसं विषाणू ठरतील, ताई. ‘आश्रयदाते’ घ्या, निर्दोष शब्द आहे.

गोसेवाला
आश्रयदाते? कोणं देल्ला आश्रय? काका, आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. १९८८ साली राजीव गांधी भूमिपूजनाला आले तेव्हा मी चौथीत होतो, बाबांच्या खांद्यावरून पाहिलं. नवीन गावठाण मिळालं तिथं शेजारच्या गावाला आम्ही नकोच होतो. आमच्या बोअरला पाणी लागलं तर म्हणत, तुमच्यामुळं आमची विहीर आटली. आमच्याकडे नळ आला तेव्हा ते लोक तहसीलवर गेले, की यांना आधी कसा? आजही आम्हाला ‘पुनर्वसनवाले’ म्हणतात, आणि आम्ही त्यांना ‘जुन्या गावचे’. तेच लिहा ना.

झिरोमाईल
आधी गोसेखुर्द की गोसीखुर्द ते ठरवा एकदाचं.

गोसेवाला
गाव गोसे. कागदावर तुम्हाला पाहिजे ते लिहा, गाव तर आता पाण्याखालीच आहे.

फिरता दवाखाना
गोसेवालाभाऊंचा नळाचा मुद्दा पुस्तिकेच्या कामाचा आहे. छावणीत मोफत दवाखाना, टँकर, शिधा, आणि कुंपणापलीकडच्या गरिबाला काहीच नाही, असं झालं की आधी कुरकुर होते, मग दगड पडतात. आणि गोवर काही कुंपण पाहून थांबत नाही. म्हणून लसीकरण, पाणी, दवाखाना यांत आसपासच्या लोकांनाही धरायचं असतं. कॉक्स बाजारमध्ये उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत मूळच्या लोकांपेक्षा रोहिंग्याच जास्त झाले आहेत. तिथल्या ‘यजमानाला’ कोणी विचारलं नव्हतं. पाहुणे म्हणावेत तर तेही बोलावलेले नाहीत.

जरीपटका गल्ली ४
यजमानाचं तुम्ही पाहून घ्या, माझं दुसरंच आहे. पुस्तिकेत त्या लोकांना काय म्हटलंय? ‘निर्वासित’ असेल तर विचार करा. आमची आजी १९४७ नंतर सिंधमधून आली. तिच्यासमोर कोणी निर्वासित म्हटलं की तिचा पारा चढायचा. शरणार्थीही चालायचं नाही. म्हणायची, पुरुषार्थी म्हणा, आम्ही कोणाला शरण आलो नाही, पापड विकून घर बांधलं. मराठी शाळेत मास्तरांनी हजेरीत एकदा ‘निर्वासितांची मुलं हात वर करा’ म्हटलं होतं. बाबांनी केला नाही आणि फी-माफी गेली.

जुनाकोश
तुमच्या आजींचा मान राखून सांगतो, शब्दाचा दोष नाही. निर् अधिक वास, राहण्याची जागा गेलेला. हिंदीत निर्वासित म्हणजे हद्दपार केलेला, मराठीत तसं नाही. शिवाय फरक पाळलाच पाहिजे. सरहद्द ओलांडली तो निर्वासित, देशातल्या देशात हलला तो विस्थापित.

जरीपटका गल्ली ४
मग सरहद्द ओलांडून आलेल्या आमच्या लोकांसाठी १९५४ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘डिस्प्लेस्ड पर्सन्स’ आहे. म्हणजे विस्थापित. तुमचा फरक सरकारलाच माहीत नव्हता.

फिरता दवाखाना
फरक आजच्या कामकाजात आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या आहे, सरहद्द ही तिची अट. देशातल्या विस्थापितांसाठी तसा करार नाही, १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आपण १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, बांगलादेशनंही नाही. त्यांचं सरकार रोहिंग्यांना निर्वासित म्हणतच नाही. कागदोपत्री नाव आहे ‘बळजबरीनं विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’. निर्वासित म्हटलं की हक्क चिकटतात.

बाकावरचा
एवढं कशाला? रेफ्युजी लिहा, कॅम्प लिहा, होस्ट लिहा. पोरींना समजते ना बाप्पा.

जुनाकोश
मग मराठी म्हणून काय उरलं? ‘ला’ आणि ‘चा’?

कन्हानकाठ
कॅम्प शब्द परका कसा म्हणता, आमचं गावच कॅम्प आहे! १८२१ साली गोऱ्यांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली, नकाशावर ‘कॅम्प टी’ लिहिलं, त्याचंच झालं कामठी.

जुनाकोश
ही थाप मी पन्नास वर्षं ऐकतो आहे. कॅम्प ए, बी, सी कुठे गेले मग? कामठा म्हणजे धनुष्य, कामठी म्हणजे लहान धनुष्य. नदीचं वळण पाहा.

कन्हानकाठ
वळण पाहायला तुम्हीच या एकदा. मी रोज पाहतो, सरळ आहे.

दुभाषी
कामठीसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. उलट मला अजून एक खडा लागला आहे. कॉक्स बाजारमध्ये २०१७ च्या अखेरीस डिप्थेरियाची साथ आली, तो एक पूर्ण भाग आहे. मी सगळीकडे ‘घटसर्प’ लिहिलं, शब्दकोशातला शुद्ध शब्द. काटोलकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, घटसर्प तर म्हशीले होते. पावसाळ्याच्या आधी टोचून जातात.” मला वाटलं तिचाच घोळ आहे. तर बाकीच्या तिघींचंही तेच!

फिरता दवाखाना
त्या मुलींचा घोळ नाही. एकाच नावाचे दोन रोग आहेत. जनावरांचा घटसर्प वेगळ्या जंतूचा, माणसाचा वेगळ्या. दोन्हीत गळा सुजतो, श्वास कोंडतो, म्हणून एक नाव पडलं असावं. माणसात घशात करड्या रंगाचा पडदा धरतो, तो ओढून काढायला गेलं तर रक्त येतं. लसीमुळे हा रोग इतका मागे हटला होता, की छावणीत गेलेल्या कित्येक तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला. गावात माणसाचा घटसर्प दिसेनासा झाला, म्हशीचा राहिला, शब्द म्हशीकडे गेला. ‘डिप्थेरिया’ लिहा. घटसर्प लिहून मुली पशुवैद्याकडे धावल्या तर तुम्ही काय करणार?

जुनाकोश
तीव्र असहमती. शब्द म्हशीकडे गेला तर परत आणायचा, सोडून द्यायचा नाही. ‘माणसांचा घटसर्प’ म्हणा. व्युत्पत्तीही सुंदर आहे. संस्कृतात घाटा म्हणजे मानेची मागची बाजू, तिथे सरपटणारा तो घाटसर्प, आणि मग घटसर्प.

झिरोमाईल
पण पडदा घशात धरतो आणि तुमचा साप मानेमागे?

जुनाकोश
साप फिरतो.

बाकावरचा
😂 हे फ्रेम करून ठेवा. आणि तुमच्या शुद्ध शब्दांचं काय होतं ते जुलाबात पाजायच्या ओआरएसच्या पुडीवर पाहा. ‘जलसंजीवनी’ छापतात. मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन जलसंजीवनी द्या म्हटलं तर तो आयुर्वेदाचं कपाट उघडतो.

फिरता दवाखाना
यावर एक ऐका, कारण हा शब्दाचाच किस्सा आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून कोटीभर माणसं इकडे आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. शिरेतून द्यायची सलाईन संपत आलेली, फरशीवर रोगी. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पिशव्यांत भरला, पाण्यात कालवून पिंपांत ठेवला, आणि पाजायला रोग्यांच्या नातेवाइकांनाच बसवलं. मृत्यू शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. पण मीठ-साखरेचं पाणी म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्याला नाव दिलं ‘तोंडानं घ्यायची सलाईन’. सलाईन शब्दाला वजन होतं. बांगलादेशात आजही घरोघरी ‘ओरसॅलाइन’ म्हणतात. इथं तेच पाहतो, बाई हगवणीनं अर्धमेली पोर घेऊन येते आणि म्हणते, “पाणी नको सांगू डॉक्टर, सलाईन लाव.” तेव्हा मीही म्हणतो, ही पिण्याची सलाईन आहे. घोटघोट घेते पोर.

गोसेवाला
डॉक्टरसाहेब, हे एक नंबर.

जुनाकोश
प्रसंग उत्तम, पण सलाईन काही मराठी होत नाही त्यानं.

दुभाषी
डॉक्टर, तुम्ही आहात तोवर विचारून घेते. ‘हाउसहोल्ड’ला काय लिहू? ‘कुटुंब’ लिहिलं आहे. ‘छावणीतील कुटुंबं मोजून सरासरी आकारानं गुणावे’ असं वाक्य आहे.

फिरता दवाखाना
कुटुंब नको. कारण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा इंटर्न, नागपूरहून गेलेल्या तुकडीत. मला एका पत्र्याच्या शेडच्या वस्तीत माणसं मोजायला धाडलं. मी हुशारी केली. शेड मोजल्या, पाचनं गुणलं, दुपारी जेवायला मोकळा. संध्याकाळी गावचे जुने पाटील वही पाहून म्हणाले, “डॉक्टर, ही खानेसुमारी झाली, शिरगणती नाही झाली. त्या कोपऱ्यातल्या पत्र्याखाली तीन चुली आहेत.” तोवर मला खानेसुमारी म्हणजे जनगणनेचा जुना शब्द एवढंच माहीत होतं. त्यात खाना आहे, म्हणजे घर, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी परत फिरलो, चुली मोजत. आदल्या दिवशीच्या दीडपटीला गेलो.

आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. छावणीत दहा हजार माणसांमागे रोज एक मृत्यू झाला की ती आणीबाणी धरतात. एरवी आपल्याकडे हजारी सहा-सात मृत्यू वर्षाला होतात, म्हणजे दहा हजार वस्तीत पाच-सहा दिवसांतून एक. खाली भागायचा आकडाच, म्हणजे माणसांची संख्या, खोटा असेल तर आणीबाणी आहे की नाही तेच कळत नाही. वरचाही आकडा लपतो. घरात मयत झाली तर सांगत नाहीत, शिधापत्रिकेवरचं नाव कटेल म्हणून. मग स्मशानाशी माणूस बसवून नव्या कबरी मोजाव्या लागतात.

झिरोमाईल
जनगणनेतही कुटुंबाची खूण एकत्र स्वयंपाक हीच आहे. ‘चूल’ लिहा, ताई.

जुनाकोश
उंबरा! शंभर उंबऱ्यांचं गाव म्हणतो आपण. चूल म्हणजे आमंत्रणाचा हिशेब, चूलबंद आवतण.

गोसेवाला
ताडपत्रीला कुठला उंबरा, काका? चूलच लिहा. आम्ही शेडमध्ये होतो तेव्हा काकू आणि आईचं भांडण झालं, चूल वेगळी झाली, आणि दोन कार्डं मिळाली. भांडण खरं होतं का नव्हतं, आईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

जुनाकोश
भूकंपात आणि धरणात फरक आहे. धरणग्रस्त हा शब्दच मला खटकतो. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, ग्रहणात चंद्र ग्रासतो तसा. धरण काय ग्रासतं?

गोसेवाला
घर, शेत, मारुतीचं देऊळ, आणि माझी शाळा.

दुभाषी
‘चूल’ घेतला. ‘डिप्थेरिया’ घेतला, पहिल्यांदा येतो तिथे ‘माणसांचा घटसर्प, जनावरांचा नव्हे’ असंही टाकलं, काका, तुमच्यासाठी. ‘पिण्याची सलाईन’ पोरींना विचारून ठरवते. पुस्तिका शुक्रवारी छापायला जाते आणि पान ९ वर यजमान अजून पाटावर बसलेले आहेत. ‘जुन्या गावचे’ मला आवडलं होतं, पण छावणी शहराला लागून असेल तर? कोणीतरी बोला.

बाकावरचा
‘बाजूवाले’.

जुनाकोश
शिव शिव.

कन्हानकाठ
काका, काल मुद्दाम पुलावरून पाहिलं. वळण आहे थोडं. पण धनुष्यासारखं नाही.