गडगंज निवृत्तांची महागाईवाढ थांबवावी का?

गोदाकाठ:
सरकारी पेन्शनरला जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा महागाईवाढ, म्हणजे महागाईनुसार पेन्शनमध्ये पडणारी भर, मिळते. मूळ पेन्शन 60,000 असेल आणि महागाईवाढीत 3 टक्क्यांची भर पडली, तर खात्यात दरमहा 1,800 रुपये जास्त येतात. याच नाशिक जिल्ह्यात श्रावणबाळ या राज्याच्या गरीब वृद्धांसाठीच्या योजनेतल्या म्हातारीला अख्ख्या महिन्याचे 1,500 मिळतात. एकाची नुसती वाढ दुसरीच्या पूर्ण पेन्शनहून मोठी. गंगापूर रोडला दोन फ्लॅट भाड्याने दिलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला ही वाढ कशासाठी द्यायची? मूळ पेन्शनला हात लावू नका, पण ठरावीक उत्पन्नाच्या वर असलेल्यांची वाढ गोठवा आणि तो पैसा श्रावणबाळकडे वळवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचवटीकर:
साफ चूक. पेन्शन ही खैरात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात 17 डिसेंबर 1982 लाच सांगितलं. म्हणून तर तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. जुन्या पेन्शनवाल्याच्या जीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीत, फक्त त्याच्याच पगारातून कापलेले पैसे आणि त्यावरचं व्याज असतं, सरकारचा हिस्सा शून्य. खासगी कामगाराच्या पीएफमध्ये मालक 12 टक्के घालतो. त्या हिश्श्याऐवजी पेन्शन, असा हा व्यवहार आहे. माणसाने नोकरी करून झाल्यावर तुम्ही व्यवहाराची एक बाजू बदलणार?

आणि "मूळ पेन्शनला हात लावत नाही" हे ऐकायला बरं वाटतं, पण वाढ गोठवणं म्हणजे हात लावणंच. महागाई 6 टक्के धरा, 12 वर्षांत त्या पैशाची किंमत निम्मी होते. 58 व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस सत्तरीत, म्हणजे नेमका दवाखान्याचा खर्च वाढतो तेव्हा, अर्ध्या पेन्शनवर येईल. शिवाय बहुतेकांनी 40 टक्क्यांपर्यंत पेन्शन अंशराशीकरणात, म्हणजे निवृत्तीवेळी एकरकमी पैसे घेऊन, विकलेली असते. ती कपात 15 वर्षं चालते.

गोदाकाठ:
कोविडमध्ये जानेवारी 2020 ते जून 2021 या काळातले महागाईवाढीचे तीन हप्ते केंद्राने गोठवले आणि थकबाकीही दिली नाही. म्हणजे गोठवता येतं, हे सिद्ध झालंय.

पंचवटीकर:
ते सगळ्यांना सारखं होतं आणि आणीबाणीत होतं. दोन्ही गोष्टी तुमच्या प्रस्तावात नाहीत. आणि श्रीमंताकडून घ्यायचंच तर प्राप्तिकर आहे की! पेन्शन पगार म्हणूनच करपात्र आहे.

गोदाकाठ:
2025-26 ची नवी कररचना मांडून बघा. 75,000 ची प्रमाणित वजावट आणि 12 लाखांपर्यंतची सूट धरली, तर वर्षाला 12 लाख 75 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 1 लाख 6 हजारांपर्यंतच्या पेन्शनवर कर शून्य. नवरा-बायको दोघंही पेन्शनर असतील तर घरात साडेपंचवीस लाख आणि कर शून्यच.

पंचवटीकर:
तुमचा फ्लॅटवाला घ्या ना. पेन्शन 9 लाख 60 हजार. भाडं 6 लाख, त्यातून 30 टक्के वजा जाऊन 4 लाख 20 हजार. एकूण 13 लाख 80 हजार, प्रमाणित वजावट जाऊन 13 लाख 5 हजार. उपकरासह कर 78,780. महिन्याला 1,800 ची वाढ म्हणजे वर्षाला 21,600. तुम्ही जे थांबवायला निघालात त्याच्या साडेतीनपट तो आधीच भरतोय.

निफाडकर:
दोघंही उत्पन्न कागदावर दिसतं असं गृहीत धरताय. आपल्या जिल्ह्यात ते दिसत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त. सातबाऱ्यावर "द्राक्ष" आणि क्षेत्र लिहिलेलं असतं, माल किती गेला आणि काय भावाने गेला याची नोंद नसते. चार एकर बागेचा मालक असलेला निवृत्त प्राचार्य चांगल्या हंगामात किती कमावतो हे त्याच्या विवरणपत्रातून कळणार नाही. उलट ऐन काढणीत गारपीट झाली तर त्याच बागेवर फवारणीचं कर्ज उरतं. जमिनीची किंमत मोजाल, तर शहरालगत दोन एकर असलेली विधवा कोट्यधीश ठरेल आणि तिच्या हातात रोकड नसेल.

दुसरं, मर्यादेचा कडा. पीएम किसानमध्ये 10,000 किंवा जास्त पेन्शनवाल्यांना वगळलंय, चतुर्थ श्रेणी सोडून. 9,990 वाल्याला वर्षाचे 6,000, आणि 10,010 वाल्याला काहीच नाही. प्राप्तिकर भरणाऱ्यांनाही त्यात हप्ते गेले आणि मग तहसील कार्यालयांना वसुलीच्या नोटिसा काढत बसावं लागलं. आधी द्यायचं आणि मग म्हाताऱ्या माणसाकडून परत मागायचं, यासारखं वाईट काम नाही. मर्यादा लावायचीच तर कॅनडासारखी उतरती हवी. तिथे ठरलेल्या उत्पन्नाच्या वर प्रत्येक डॉलरमागे 15 सेंट वृद्धापकाळाच्या पेन्शनमधून परत घेतात. एका रुपयाने कोणी कोसळत नाही.

सातपूरकर:
वरच्याचं काय कापायचं यावर इतकं बोलणं झालं, खालच्याबद्दल फक्त एक ओळ. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार आणि एसटीचे चालक-वाहक ईपीएस-95 या पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेत येतात. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगाराची कमाल मर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15,000 वर अडकलेली. म्हणजे खरा पगार 40,000 असला तरी मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन फंडात महिन्याला 1,250 च जातात. किमान पेन्शन 1,000, तीही 2014 पासून तेवढीच. या पेन्शनला महागाईवाढ मुळात नाहीच. 58 च्या आधी सुरू केली तर दरवर्षामागे 4 टक्के कपात वेगळी.

आता गंमत नव्हे, अन्याय बघा. श्रावणबाळला कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 21,000, म्हणजे महिन्याला 1,750. ईपीएसचे 2,000 मिळणारा कामगार वर्षाला 24,000 वर जातो आणि बाद होतो. श्रीमंती तपासायची आपल्याला भारी हौस, पण चाळणी लागते ती याला.

गोदाकाठ:
हे मान्य, आणि म्हणूनच पैसा वळवा म्हणतोय. निफाडकरांची उतरती कपातही मान्य, 15 टक्क्यांनी सुरू करा. द्राक्षाचं उत्पन्न सुटेल, सुटू दे. भाडं आणि ठेवींचं व्याज प्राप्तिकर खात्याला पॅनवर दिसतं, तेवढं पकडलं तरी पुरे.

पंचवटीकर:
आणि नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधल्या जुन्या सरकारी पेन्शनरांचं वाचवलेलं दिल्लीच्या तिजोरीत जाईल, श्रावणबाळचे पैसे राज्य देतं. वळवणार कसे? त्यापेक्षा आमदारांच्या पेन्शनपासून सुरुवात करा. पंजाबने 2022 मध्ये कितीही वेळा निवडून आला तरी एकच पेन्शन असा कायदा केला. त्याला मी सही करायला तयार आहे, कष्टाच्या पेन्शनवरच्या कपातीला नाही.

सातपूरकर:
सही करायचीच असेल तर 21,000 ची मर्यादा वाढवा, या मागणीवर दोघंही करा. त्याला कोणाची पेन्शन कापावी लागत नाही, दिल्लीला विचारावं लागत नाही. राज्याचा एक शासन निर्णय लागतो.