ओळख पटते तिथे हशाच पडत नाही, काय करू?

विंगेतला_गिरगावकर
चाळीच्या गणपतीत 40 मिनिटांची एकांकिका बसवतोय. मुलगी बघायला आलेल्या मुलाला घरचे शेगडी दुरुस्त करणारा समजतात, हातात पाना देऊन कामाला लावतात. शेवटी खरं कळतं, मुलीचे वडील माफी मागतात. तिथे हशाही हवाय आणि जरा गलबलूनही यायला हवं. तालमीला आलेले पंधराएक जण ढिम्म! वाक्यं आणखी खुसखुशीत करू का? आणि या विषयावर वाचायला, बघायला काय सुचवाल?

प्रॉम्प्टर_पार्ले
वाक्यांना हात लावू नकोस. तो नवरामुलगा आहे हे प्रेक्षकांना कधी कळतं?

विंगेतला_गिरगावकर
घरच्यांबरोबरच, शेवटी. ट्विस्ट आहे ना तो.

प्रॉम्प्टर_पार्ले
तिथेच घोळ आहे. 'मोरूची मावशी'त लुगड्यात बाप्या आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, म्हणूनच तर मजा. 1983 साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक पोरं म्हणतात, नव्या जागी. आपल्याला माहीत असलेलं मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांना धरून ठेवता येत नाही. पुढे ते जमायला लागतं आणि गैरसमजाचं सगळं नाटक त्याच्यावरच चालतं. तुझ्या प्रेक्षकाला तू तीन वर्षांचा करून ठेवलायस. मुलाच्या हातात पेढ्यांचा पुडा दे. प्रेक्षकांना तो एन्ट्रीलाच दिसू दे, घरच्यांना वाटू दे की आत स्क्रू आहेत.

बाल्कनी_बी_रांग
पुडा पटला. पण हशा आणि गलबलणं एकाच क्षणी मागू नका. हसायला काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं, असं फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1900 मध्येच लिहून ठेवलंय. त्याचं हास्यावरचं पुस्तक छोटंसंच आहे, तेवढं वाचा. आधी पुडा उघडून हशा घ्या, तो ओसरू द्या. मग वडिलांनी काही न बोलता पाना परत घ्यायला हात पुढे करावा. माफीचं लांबलचक भाषण सरळ कापा. (लेखक रुसेल. रुसू दे.)

सोबत नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय चाळा. त्यात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार आहेत. पाना परत घेताना नुसतं स्मित आलं तरी पुष्कळ.

दादर_तिकीटखिडकी
ते पंधराजण पांगून बसले होते का? पुढच्या तालमीला खांद्याला खांदा लावून बसवा. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइनच्या पाहणीत माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसताना आढळली. आणि शिवाजी मंदिरला एखादं पाहिलेलं विनोदी नाटक पुन्हा बघायला जा. या खेपेला स्टेजकडे नाही, प्रेक्षकांकडे बघायचं. पात्राला कळायच्या आधीच लोक शेजाऱ्याला कोपर मारतात.

विंगेतला_गिरगावकर
अपडेट: काल चटई अंथरून सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं. एन्ट्रीला पुडा दिसल्याबरोबर मागून एक आजी ओरडल्या, "अगं, पाहुणा आहे तो!" पुढची पाच मिनिटं शेगडीवरचं एकेक वाक्य हशात बुडालं. पाना परत घेताना मात्र वडिलांचं काम करणाऱ्या काकांनाच हसू फुटलं, तो प्रवेश उद्या पुन्हा घेतोय. आणि पेढे खरे आणू नका, शेवटच्या प्रवेशापर्यंत पुडा रिकामा झाला होता.