दुपारी सोयाबीन उलटतं, शेजारचा मका का नाही? आणि हेच शिकायचं तर ॲग्री की बॉटनी?

सेलूचा_बांध (प्रश्न)
बारावी सायन्स, पीसीबी, सीईटी दिलीय. ऑगस्टात पावसानं ताण दिला की दुपारी सोयाबीनची पानं उलटतात, खालची पांढुरकी बाजू वर येते. शेजारच्या मक्याला तेवढा फरक पडत नाही. पुस्तकात तर प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण एकच दिलंय, मग हे कसं? आणि याच विषयात पुढं जायचं तर बी.एस्सी. ॲग्री घेऊ की बॉटनी? घरचे म्हणतात, ॲग्री केलं की शेवटी औषध-खताचं दुकानच.

हरितद्रव्य
समीकरण एकच, पण कार्बन डायऑक्साइड पकडायची तऱ्हा वेगळी. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस ही सी-3 पिकं, म्हणजे पकडलेल्या वायूपासून पहिला पदार्थ तीन कार्बनचा बनतो. मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही सी-4, पहिला पदार्थ चार कार्बनचा.

सोयाबीनमध्ये हा वायू रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) थेट पकडतं. ताण पडला की पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटतात, पानाच्या आतला वायू कमी होतो आणि रुबिस्को त्याच्याऐवजी ऑक्सिजन धरायला लागतं. त्यातून साखर तर होतच नाही, उलट आधी बांधलेला थोडा कार्बन निसटतो. हेच प्रकाशश्वसन. ऊन तापेल तसं ते वाढतं.

मक्यात पहिली पकड पेप कार्बोक्झिलेज या विकराची, आणि ते ऑक्सिजनला हातच लावत नाही. चार कार्बनचं आम्ल तयार होऊन शिरेभोवतीच्या पेशींत जातं. तिथं वायू पुन्हा सुटतो आणि रुबिस्कोला भरपूर मिळतो. म्हणून रंध्रं अर्धी मिटली तरी काम चालू राहतं. हे फुकटात होत नाही: वायूच्या दर रेणूमागे दोन एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी) जादा लागतात. थंडीत प्रकाशश्वसन कमी असतं, तिथं हा जादा खर्च परवडत नाही; हरभरा-गहू (तेही सी-3) मागे पडत नाहीत ते त्यामुळंच.

पान उलटणं हा मात्र रोग नाही. पर्णिकेच्या (सोयाबीनच्या तीन पानांतल्या प्रत्येक पानाच्या) बुडाशी फुगीर सांधा असतो, तो पान फिरवून ऊन कमी झेलतो. संध्याकाळी पानं सरळ झाली तर ठीक. सकाळीही मलूल दिसली तर ओल खरंच संपलीय, पाणी असेल तर द्या. शेंगा भरताना तर थांबूच नका.

काळं_रान
वरचं बरोबर आहे, फक्त 'सी-4 म्हणजे कमी पाण्याचं पीक' असं लिहून ठेवू नका. ऊस सी-4 आहे आणि तरी पाणी पितो, कारण तो बारा ते अठरा महिने रानात उभा असतो. दर किलो वाळलेल्या मालामागे पाणी कमी लागणं वेगळं आणि एकरी एकूण पाणी वेगळं. उलट तूर सी-3 असून ताण काढते, ते खोल सोटमुळावर. काळी जमीन खोल असेल तरच, मुरमाड रानात तीही बसते.

कृषीपदवी
आता शिक्षणाचं. या विषयाचं नाव वनस्पती शरीरक्रियाशास्त्र. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे; सोयाबीनचं एमएयूएस 71 आणि बदनापूरची बीडीएन 711 तूर ही त्यांचीच वाणं. बी.एस्सी. ॲग्री चार वर्षांची, प्रवेश सीईटीवर. सातबारा काढून ठेवा, शेतकऱ्याच्या मुलांच्या अधिभाराचा (जादा गुणांचा) चालू वर्षाचा नियम माहितीपुस्तिकेत बघा. पदवीत हा विषय थोडाच येतो, खरा अभ्यास दोन वर्षांच्या एम.एस्सी.त. कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट ही पात्रता परीक्षा.

बॉटनी केलं तर एम.एस्सी.नंतर सीएसआयआर नेटची लाइफ सायन्सेसची वाट. पेशी, जनुकं, विकरं यातच मन असेल तर तीही चांगली. पण बँकेतला कृषी क्षेत्र अधिकारी किंवा एमपीएससीची कृषी सेवा यांना बॉटनीची पदवी चालत नाही, ते दार बंद होतं. शेतातल्या पिकावर काम करायचं असेल तर माझं मत ॲग्री. आणि गंमत म्हणजे, ज्या दुकानाची घरच्यांना धास्ती आहे त्याचा कीटकनाशक विक्रीचा परवाना बॉटनीवाल्यालाही मिळतो.

सेलूचा_बांध
शिरेभोवतीच्या पेशी घरी बघता येतील का?

हरितद्रव्य
पेशी नाही, पण त्यांतला स्टार्च दिसेल. सोयाबीनचं एक आणि मक्याचं एक पान दुपारी चारच्या सुमारास तोडा. पहाटे तोडलं तर प्रयोग फसतो, रात्रीत स्टार्च खर्ची पडलेला असतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. मग गॅस पूर्ण बंद करा, काचेच्या नळीत स्पिरिट घेऊन तुकडे त्यात बुडवा आणि नळी त्याच गरम पाण्यात उभी करा. स्पिरिट आचेवर कधीच ठेवायचं नाही, वाफ पेट घेते. हिरवा रंग उतरायला दहा-पंधरा मिनिटं. मक्याला जास्त लागतात, स्पिरिट एकदा बदला. पान कडक होतं, म्हणून कोमट पाण्यात धुऊन मऊ करा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये चौपट पाणी घालून थेंब टाका.

सोयाबीनचा तुकडा सगळा निळा-काळा होईल. मका उजेडासमोर भिंगातून बघा: शिरांच्या कडेनं काळ्या रेघा, मधली जागा फिकी. कांद्याच्या पातीवर करू नका, ती अन्न साखरेच्या रूपात ठेवते, रंग येणार नाही आणि चुकलं असं वाटेल.