राजवाड्यातला नाताळ आणि ते झाड

इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्या (१८११-२०, राजा आजारी असल्याने युवराज कारभार पाहायचा तो काळ) राजघराण्याच्या प्रेमकथेत नाताळचं झाड दाखवणं चूक, कारण ते पुढे व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने, अल्बर्टने आणलं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला हे पटत नाही. जॉर्ज तिसऱ्याची राणी शार्लट मूळची जर्मन. तिने १८००च्या नाताळात विंडसरला मुलांच्या मेजवानीसाठी यू या सदाहरित जातीचं अख्खं झाड कुंडीत उभं केलं होतं. कागदात बांधलेले बदाम-मनुके, फळं, खेळणी आणि छोट्या मेणबत्त्या लावून. म्हणजे दरबारी नायिकेला ते दिसू शकतं. गावातल्या पाद्र्याच्या मुलीच्या घरी मात्र नको. घरोघरी ते पोचलं १८४८ नंतर, व्हिक्टोरिया-अल्बर्टचं झाडाभोवतीचं चित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. छापील शुभेच्छापत्रंही १८४३ पासूनची, तीही नकोत.

खरं तर अशा कादंबरीत मला झाडापेक्षा मिसलटोची, म्हणजे नाताळात घरात टांगतात त्या छोट्या फळांच्या वनस्पतीची, डहाळी हवी असते. तिच्याखाली चुंबन घेतलं की एक फळ खुडायचं, फळं संपली की हक्कही संपला! जिथे दोघांना एकांतात बोलायचीही मुभा नाही, तिथे एवढ्या रिवाजावर लेखिका अख्खं प्रकरण उभं करू शकते. आणि त्या शेवटच्या फळासाठी नायकाने थांबून राहावं, असं मला फार वाटतं.