मदत हवी आहे: या बेसबॉल पोस्टकार्डावर खरंच सॅम क्रॉफर्ड आहे का?

नमस्कार मंडळी, मिशिगनला असतो, जुनी बेसबॉलची पोस्टकार्डं जमवायचा नाद आहे. इथले तिकीट-नाणीवालेही चालतील, कागद आणि शिक्के ओळखणारं कोणीतरी हवंय.

एका डीलरकडे रिअल फोटो पोस्टकार्ड आलंय, म्हणजे प्रेसवर छापलेलं नाही, निगेटिव्हवरून थेट फोटोच्याच कागदावर काढलेलं. तेव्हा गावोगावचे फोटोग्राफर टीमचे असे फोटो काढून द्यायचे, मागे पत्ता लिहून एक सेंटचं तिकीट लावलं की झालं. दोन रांगा, पुढे बॅटा आडव्या टाकल्यात, खेळाडूंची नावं कुठेच नाहीत. डीलर म्हणतो मागच्या रांगेत उजव्या टोकाचा तो सॅम क्रॉफर्ड, मोठ्या लीगमध्ये जायच्या आधी, आपल्या वाहू गावच्या टीममधला. आणि किंमत अर्थातच क्रॉफर्डची लावलीये. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइट टायगर्सचा, टाय कॉबच्या जोडीने आउटफिल्डला असायचा, 309 ट्रिपल्स म्हणजे एकाच फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत धाव, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. वाहू हे नेब्रास्कातलं गाव, म्हणून त्याला वाहू सॅमच म्हणायचे.)

आता घोळ असा की मागे तिकिटाच्या चौकटीत अझो (फोटोच्या कागदाचा ब्रँड) लिहिलंय आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले, तो कागद साधारण 1904 ते 1918 चा धरतात. शिवाय मागच्या बाजूला मधे उभी रेघ, डावीकडे मजकूर उजवीकडे पत्ता, आणि हे अमेरिकेत मार्च 1907 पासून सुरू झालं. क्रॉफर्ड तर 1899 लाच सिनसिनाटीकडून खेळत होता, 1903 पासून टायगर्सकडे, मग त्याचा "आधीचा" फोटो या कागदावर आला कुठून? डीलर म्हणतो जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढला असेल. असेलही, पण नुसत्या "असेल"चे एवढे पैसे कोण देणार!

त्यात सगळ्यांनी हाताची घडी घातलीये त्यामुळे शर्टावरचं नाव झाकलंय, एकाच्याच शर्टावर शेवटचे दोन ओ दिसतात. डीलरने त्याचं वाहू केलं. अहो, इथे मिशिगनमधलं कॅलॅमझू पण दोन ओ वरच संपतं की, आणि कार्ड मिळालंय इथेच!

कार्ड जुनं आहे याबद्दल माझी तक्रार नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके नाहीत, काळ्या भागात कडेला चांदीसारखी झाक आलीये, यूव्ही टॉर्चखाली कागद पांढरानिळा चमकत नाही. वांधा फक्त त्या माणसाचा आहे. डीटशे या प्रकाशकाच्या 1907 च्या टायगर्स पोस्टकार्डावरचा क्रॉफर्ड शेजारी ठेवून बघितला, जबडा जुळतो असं वाटतं, पण मग कान बघितले की नाही वाटत, आणि टोपीच्या सावलीत डोळे गेलेत.

तर जाणकारांनी सांगा, मूळ निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रिंट आणि प्रिंटचाच परत फोटो काढून बनवलेलं कार्ड यात फरक कसा ओळखायचा? पीएसए किंवा एसजीसी या कार्ड तपासून देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवलं तर नाव नसलेल्या खेळाडूची ओळख ते लेबलवर देतात का, की फक्त कार्ड अस्सल एवढंच? कॅलॅमझूच्या जुन्या टीमचे फोटो कोणी पाहिलेत का, निदान गणवेश तरी जुळवता येईल. आणि क्रॉफर्ड बाजूला ठेवला तर बिननावाच्या गावच्या टीमचं असं कार्ड कितीपर्यंत घ्यावं? डीलरने रविवारपर्यंत ठेवतो म्हटलंय, दोन्ही बाजूंचे स्कॅन खाली टाकतोय.